हकीमचाचांना पाणी कोणी पाजायचं

आमच्या घरात देव होते, पण ते आईचे. बाबांचं आणि त्यांचं बोलणं नव्हतं. बाबा संस्थानच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, आणि जे सिद्ध होत नाही त्याला नमस्कार करायचा नाही हा त्यांचा नेम. आई देवघरातून ओरडायची, "मग माझ्याशी लग्न कसं केलंत? मी कुठे सिद्ध झाले होते?" बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "ती चूक गृहीत धरूनच पुढचं गणित चाललंय." मग त्या दिवशी चहा उशिरा यायचा.

गोष्ट मध्यभारत असतानाची. संस्थान गेलं होतं, नवं राज्य आलं होतं आणि त्याला राजधान्या दोन होत्या, उन्हाळ्यात आमचं इंदूर आणि हिवाळ्यात ग्वाल्हेर. फायलींची गाठोडी बांधून सरकार दर वर्षी सासरी-माहेरी करायचं, आणि यातलं माहेर कुठलं यावर दोन्ही गावांचं भांडण होतं. मी तेव्हा नव्यानेच निघालेल्या मेडिकल कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होते. वर्गात मुली बोटावर मोजण्याइतक्या. प्रेत बघून आम्ही किंचाळत पळू म्हणून मुलं पहिल्या दिवशी दाराशी गर्दी करून उभी होती. त्यांची निराशा झाली. ज्या मुलीने आमच्या नात्यातल्या बायकांचं 'हिचं लग्न कधी' ऐकून घेतलंय, ती प्रेताला काय भिणार? प्रेत निदान काही विचारत तरी नाही.

जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या आमच्या घरासमोर हकीमचाचांचा दवाखाना होता. पुढे दवाखाना, मागे घर. काचेच्या बरण्या, गुलकंदाचा वास, आणि मेंदीने लाल केलेली दाढी घेऊन मधोमध बसलेले चाचा. बाबांहून थोडे मोठे, आणि बाबांचे एकुलते एक मित्र. बाबांना बाकी कोणी सहन करत नसे.

चाचा हकिमी शिकायला लहानपणी राजपुतान्यात टोंकला गेले होते. तिथे म्हणे कित्येक वर्षं नाडीला हातच लावू दिला नाही. आधी मंतिक, म्हणजे तर्कशास्त्र. "पहले सोचना सीखो, फिर छूना," चाचा मला ऐकवायचे. आमच्या कॉलेजात आधी कापायला देतात आणि विचार करायचा तर सुट्टीत करा म्हणतात, याचं त्यांना फार वाईट वाटे. मी विचारायचे, "चाचा, तुम्ही सोचत बसलात आणि तोवर पेशंट गेला तर?"

"तो कम से कम तर्कशुद्ध जाएगा, बेटी."

संध्याकाळी ऊन उतरलं की आमच्या ओट्यावर बाबा आणि चाचा बसत. वाद वर्षानुवर्षं एकच, अक्कल मोठी की ईमान, म्हणजे श्रद्धा, मोठी. मी कॉलेजातून येऊन पोह्यांची बशी घेऊन पायरीवर बसायचे आणि मधे मधे तोंड घालायचे. मुलीच्या जातीने मोठ्यांच्या वादात तोंड घालू नये असं आईचं मत होतं, पण ते ऐकायला ओट्यावर कोणाला वेळ नव्हता.

चाचा सांगायचे की हा वाद त्यांच्या धर्मातल्या पंडितांत हजारभर वर्षांचा जुना आहे. त्यात एक तट असा, की चांगलं काय नि वाईट काय हे माणसाची अक्कल आपली आपण ओळखू शकते, वरून सांगावं लागत नाही. दुसऱ्या तटाचं म्हणणं, छे, वरून चांगलं म्हटलं गेलं म्हणूनच ते चांगलं, तुमची अक्कल कोण लागून गेली? त्यातले काही आणखी पुढचे. ते म्हणत, औषधात गुण असा नसतोच. दर वेळी गुण देतो तो खुदाच, औषध आपलं निमित्ताला.

बाबांना हे ऐकून उकळ्या फुटायच्या. "म्हणजे तुमच्या इसबगोलात काही नाही?"

"मी इसबगोल देतो मास्टरसाहब, पोट खुदा साफ करतो."

"मग मधे इसबगोल कशाला? सरळ त्यालाच सांगा की."

"इतक्या बारीक कामासाठी त्याला हाक मारायची? बेअदबी होते."

दोघं गुडघ्यावर थापा मारून हसायचे. पण चाचांचा स्वतःचा कल तिसरीकडे होता. दूर पश्चिमेकडे त्यांचा एक आवडता काझी होऊन गेला होता, काझीही आणि वैद्यही. त्याच्या मते सत्याचं सत्याशी भांडण होऊच शकत नाही. किताब आणि अक्कल भांडताना दिसली तर समजायचं की आपण दोघींपैकी एक नीट वाचलेली नाही, पुन्हा वाचायची. बाबा डोळे बारीक करून विचारायचे, "आणि पुन्हा वाचूनही भांडण राहिलं तर?"

"तर चहा मागवायचा," चाचा म्हणायचे. तो आईला करावा लागे.

त्या वर्षांत रमजान भर उन्हाळ्यात यायचा. मालव्यातल्या रात्रींचं लोक कौतुक करतात ते खरं आहे, पण दुपारचं कोणी करत नाही. लूच्या गरम झळा सुरू झाल्या की गल्लीतली कुत्रीसुद्धा मोरीत जाऊन बसत. अशात पहाटेपासून सूर्य बुडेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. आजाऱ्याला रोजा माफ असतो, पण आजारी आहे असं कोण म्हणत नाही? म्हणून नियम असा, की रोजाने जिवाला अपाय होईल हे जाणत्या, नेक, मुसलमान वैद्याने सांगावं. आमच्या भागात असा वैद्य एकच. छावणीतले एक डॉक्टर होते, ते फाळणीत कराचीला गेले. त्यामुळे आख्खा रमजान चाचांच्या दारात सूट मागणाऱ्यांची रांग लागायची.

एका पहिलवानाला दर रमजानात बरोबर दुपारी चक्कर यायची. चाचांनी त्याची नाडी पाहिली आणि सांगितलं, "तुझी तब्येत माझ्यापेक्षा छान आहे. मला चक्कर येण्याआधी निघ." उलट एखादी पोटुशी बाई हट्टाने रोजा धरून आली तर तिला असं झापायचे की गल्लीत ऐकू जायचं. एका म्हातारीला म्हणाले होते, "खुदाने हात पुढे करून सूट दिली आणि तू म्हणतेस नको? ही कसली अकड?" म्हातारीने तिथेच बसून सरबत प्यायलं. माझ्या मनात आलं, हा माणूस दोन्ही पार्ट्यांचा वकील आहे.

त्याच वर्षी रमजानाच्या सुरुवातीला मी ओट्यावर बोलून गेले, "उपासाचं एवढं काय हो चाचा? आमची आई आठवड्यातून दोनदा करते." चाचा नुसते हसले. बाबा मात्र म्हणाले, "ही? हिला घरात पाऊल टाकल्या टाकल्या पोहे लागतात. हिला एक दिवस जमायचं नाही." बाबांनी नाही म्हटलं की मला ते करावंच लागतं, हा आमच्या घराण्याचा रोग आहे. दुसऱ्या दिवशी मी रोजा धरला.

सकाळी आईला सांगितलं तर तिने आनंदाने साबुदाणा भिजत घातला.

"आई, खायचं नसतं काही."

"खातंय कोण? साबुदाणा खाण्यात थोडाच मोडतो? उपासाचाच आहे."

"पाणीसुद्धा प्यायचं नसतं."

"पाणीपण नाही?" आई हातातली रोळी घेऊन उभीच राहिली. "मतलब काय? ह्या गर्मीत? आणि दिमाग जागेवर आहे ना सगळ्यांचा?"

आमच्याकडे एकादशी आणि दुप्पट खाशी. उपास म्हणजे रोजच्यापेक्षा जास्त तूप, जास्त दाणे आणि संध्याकाळी रताळ्याचा शिरा. त्यामुळे आईच्या डोक्यात जे शिरायला हवं होतं ते शिरलं नाही, आणि भलतंच शिरलं. तिला वाटलं, समोरचे बिचारे इतके दिवस उपाशी राहतात कारण त्यांच्यात कोणाला उपासाचं करता येत नाही. भर दुपारी पितळी डबा भरून खिचडी, वर खोबरं-कोथिंबीर, अशी ती मागच्या दाराने चाचींच्या स्वयंपाकघरात हजर झाली. "घ्या भाभीजी, उपासाला चालते," म्हणाली. आमच्या लोकांखेरीज ही चूक दुनियेत कोणी करणार नाही. चाचींनी डबा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि सूर्य बुडेपर्यंत झाकून ठेवला. तोवर त्या खिचडीचं रबर झालं होतं. चाचांनी मान राखून सगळी खाल्ली आणि दोन दिवसांनी ओट्यावर बाबांना विचारलं, "मास्टरसाहब, तुमच्यात उपास म्हणजे पोटाला सुट्टी असते की सजा?"

माझं काय झालं तेही सांगते. सकाळ बरी गेली. दुपारी कॉलेजातून चालत आले तेव्हा जीभ टाळ्याला चिकटली होती. देव वगैरे कोणी भेटला नाही. भेटली ती तहान, आणि तिच्याबरोबर माझी अक्कल. काय एकेक मुद्दे काढत होती! उन्हाळ्यात शरीरातलं पाणी कमी होणं अशास्त्रीय आहे. तू मुसलमान नाहीस, मग तुझा रोजा मोडणार कसा? तुला उद्या अभ्यास करायचाय, समाजाला डॉक्टर हवेत. एरवी परीक्षेत मला एक मुद्दा सुचत नाही, आणि त्या दुपारी मटक्याकडे बघत बसले असताना एकाहून एक बिनतोड. सगळे अगदी खरे, आणि सगळे मटक्याकडेच नेणारे. शेवटी बाबांचं तोंड आठवून मी तशीच बसून राहिले. अजान झाली आणि पाण्याचा पहिला घोट गेला तेव्हा मला रडू आलं. का ते मला आजही नीट सांगता येत नाही, पण आलं.

संध्याकाळी मी चाचांना म्हटलं, "एक कळलं. तहानलेल्या माणसाची अक्कल म्हणजे तहानेने लावलेला वकील. ज्याचं खातो त्याचीच बाजू मांडतो." चाचा खोकला येईपर्यंत हसले. "बस बेटी, बस! सारा झगडा यही है. हजार साल का काम तूने एक दिन में निपटाया." मी बाबांकडे बघून नाक वर केलं. इतकं चांगलं वाक्य आपण आधी कधीच बोललो नव्हतो अशी माझी खात्री होती.

रमजान अर्धा सरला तशी उन्हाने कमाल केली, आणि चाचा ओट्यावर यायचे बंद झाले. बाबा एक दिवस थांबले, दुसऱ्या दिवशी येरझाऱ्या घालायला लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी चाचींनी मागच्या दाराने मला बोलावून घेतलं. चाचा आतल्या खोलीत खाटेवर पडले होते. त्यांना मुतखड्याचा जुना त्रास होता, तो उठला होता. अंगात ताप, डोळे खोल गेलेले, आणि लघवी जवळजवळ बंद. मी तिसऱ्या वर्षाची अर्धकच्ची विद्यार्थिनी, पण एवढं कळायला मोठी विद्या नको होती. ह्या माणसाच्या पोटात पाणी गेलं नाही तर तो मरणार होता. आणि तो रोजात होता.

"चाचा, पाणी प्या."

"मगरिब को," ते म्हणाले. म्हणजे सूर्य बुडाल्यावर. बाहेर सूर्य असा तळपत होता की बुडणं त्याला माहीतच नसावं. रात्री प्यायचं तर ओकारी होऊन सगळं बाहेर पडत होतं, आणि थोडं थोडं दिवसभर देता येत नव्हतं.

मी धावत जाऊन आमच्या कॉलेजातल्या एका डॉक्टरांना घेऊन आले. मोठे हुशार, आपल्यातलेच. त्यांनी तपासलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "हे उपासतापासाचं खूळ सोडा आधी. पाणी घ्या, इस्पितळात चला." चाचांनी त्यांना टेकायला तक्क्या दिला, सरबत मागवलं, आभार मानले आणि ते गेल्यावर म्हणाले, "डॉक्टरसाहेब काबिल आहेत. पण माझा रोजा असला काय, नसला काय, त्यांना दोन्ही सारखंच. अशांची गवाही कशी धरायची?" डॉक्टरांचं निदान शंभर टक्के बरोबर होतं, आणि एका शब्दापायी ते फुकट गेलं. मला त्यांचा इतका राग आला की पुढे वर्षभर मी त्यांच्या तासाला मागच्या बाकावर बसले.

मग मशिदीचे इमाम आले. भला माणूस. म्हणाले, "हकीमसाहब, आप बीमार हैं, छूट है. किताबात साफ लिहिलंय."

"मी बीमार आहे हे कोणी सांगितलं?"

"दिसतंय."

"दिसण्यावर नाही, तबीबाच्या, वैद्याच्या सांगण्यावर छूट आहे. तबीब कोण?"

"इथे तर आपणच."

"म्हणजे सूट मागणारा मी, आणि देणाराही मी. एखाद्या मुकदम्यात तुम्ही असं चालवून घ्याल?"

इमाम कपाळाला हात लावून उठले. दारात मला म्हणाले, "बेटी, शरीअत यांना सोडतेय, हेच तिला सोडत नाहीत."

बाबा आले ते तावातावाने. ते अंगणात खुर्ची टाकून बसले, कारण आत पडद्यातल्या चाची होत्या, आणि तिथूनच ओरडायला लागले. मूर्खपणा आहे, हट्ट आहे, शिकल्यासवरल्या माणसाला शोभत नाही. आयुष्यभर माझ्याशी अकलेच्या गोष्टी केल्यात त्या ह्याचसाठी का? शेवटी घसा बसला. ओट्यावर चाचांपुढे ते कधीच असे हरले नव्हते. ओट्यावर त्यांना हरायला आवडायचं.

चाची पडद्याआड होत्या. मी आत गेले तेव्हा त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "साऱ्या मोहल्ल्याला सूट वाटत फिरले. बुढियांना सांगतात, खुदाची सूट नाकारणं अकड आहे. आणि स्वतः? खुदा दे रहा है और ये ले नहीं रहे! मैंने हाथ जोडे, पाँव पकडे. म्हणतात, तू माझी बीवी आहेस, तुझी गवाही कशी चालेल?" त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, संताप होता. मला तो बरा वाटला.

तोवर मी समजत होते की चाचांची श्रद्धा त्यांना मारतेय. बाबाही तेच समजत होते, डॉक्टरही. कोणाच्या डोक्यात आलं नाही की श्रद्धा बिचारी केव्हाचं दार उघडून उभी आहे. दाराला आतून कडी लावली होती ती तर्काने. टोंकला शिकलेल्या त्या मंतिकाने.

मी खाटेशेजारी बसले आणि म्हटलं, "चाचा, तुम्ही स्वतःची नाडी पाहिलीत ना?"

"पाहिली."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, पी, नाहीतर वाचत नाहीस."

"मग?"

त्यांनी सुकलेल्या ओठांनी हसायचा प्रयत्न केला. "मग काय, बेटी. मी तहानलेला आहे. तहानलेल्याची अक्कल काय म्हणणार? तूच सांगितलंस ना, तहानेने लावलेला वकील."

मला वाटलं कोणीतरी थोबाडीत मारली. माझं ते नाक वर करून बोललेलं वाक्य, माझी हुशारी! चाचांनी ते हसून सोडून दिलं नव्हतं. आत नेऊन, नीट तपासून, स्वतःला लावून घेतलं होतं. ह्या माणसाशी गंमत करण्याचीसुद्धा सोय नव्हती.

"मग माझी गवाही घ्या," मी म्हटलं.

"तू?" त्यांनी डोळे उघडले. "तीन शर्ती आहेत. मुसलमान, काबिल, नेक."

"तिन्हीत नापास. माहितेय मला. पण तुम्हीच सांगता ना, नुसता हुकूम पाठ करू नका, त्याच्या मागचं कारण शोधा, आणि कारण जिथे जाईल तिथे हुकूम न्या? मग मुसलमानच का म्हटलं असेल? त्याला रोजाचं वजन ठाऊक असतं म्हणून. तो उगीच मोडायला सांगणार नाही म्हणून. चाचा, मी देवाची टिंगल करते, इमामांची करते, तुमची तर रोज करते. पण तुमचा रोजा मी हलका धरत नाही. त्या दिवसापासून नाही."

चाचांनी चादरीखालून मनगट काढलं आणि पुढे केलं.

नाडी बारीक आणि घाईत होती. मी जीभ पाहिली. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. मला जे माहीत होतं तेच होतं, पण आता ते माझ्या तोंडून निघणार होतं आणि कोणीतरी त्यावर जीव ठेवणार होतं. कॉलेजात असं कोणी शिकवलं नव्हतं.

"काबिल?" चाचांनी विचारलं.

"काबिल अजून नाही. पण एवढं बघायला डोळे पुरतात."

"तुला तहान नाही ना लागलेली?"

"नाही. आत्ताच घरून दोन पेले पिऊन आले."

"शाबास," ते पुटपुटले, "गवाह को लालच नहीं." आणि मग एकदम गंभीर झाले. "पण बेटी, माया आहे. मायासुद्धा तहानच आहे. तीही वकील लावते."

मी म्हटलं, "आहे. तुम्ही मरू नये असं मला वाटतं. फार वाटतं. ते काढून कुठे ठेवू?" आणि मी रडायला लागले, डॉक्टरने रडू नये ते सगळं विसरून. "पण नाडी तीच आहे चाचा. माझी माया नसती तरी ती अशीच चालली असती. पाणी प्या. मी सांगतेय."

खोलीत पंखा हलवायचं चाचींनी थांबवलं होतं. चाचांनी डोळे मिटले. "तुझ्या शब्दावर मी प्यायलो, तर तो शब्द तुझा. हलका निघाला तर तिथे जवाब तुला द्यावा लागेल. मला नाही. समजून बोल."

ते 'तिथे' मला मान्य नव्हतं. मरणानंतर काय होतं ते आम्ही कॉलेजात टेबलावर रोज बघत होतो. तरी "देईन," मी म्हटलं.

अंगणात खुर्ची सरकली. बाबा उठून दारापर्यंत आले होते, उंबरठ्याबाहेर उभे. बसलेल्या घशाने म्हणाले, "हकीमसाहेब, अर्धं माझ्यावर टाका."

चाचांनी डोळे उघडले नाहीत. "तिथे वाटणी होत नाही, मास्टरसाहब. ज्याचं त्याला."

"मग माझं वेगळं लावा. पूर्ण. मीही सांगतोय, प्या."

"आप तो मानते नहीं."

"नाही मानत," बाबा म्हणाले. "पण बोलावलं तर येईन."

चाचांनी हात पुढे केला. पेला चाचींनी आधीच भरून ठेवला होता.